गीझर आणि इलेक्ट्रिक शॉवरचा डीपी स्विच: निवड, जागा, जोडणी आणि वापर

सातारा, कराड, वाई किंवा सांगली, मिरज, विटा या भागांतील घरांत तांब्याच्या बंबाची जागा आता बहुतेक ठिकाणी विजेच्या गीझरने घेतली आहे, आणि अलीकडे काही न्हाणीघरांत वाहते पाणी जागच्या जागी तापवणारा इलेक्ट्रिक शॉवर किंवा तसाच नळही दिसू लागला आहे. उपकरण घेताना टाकी किती लिटरची, हमी किती वर्षांची, पाणी किती वेळात तापते, याची घरची मंडळी बारकाईने चौकशी करतात. त्या उपकरणाची वीज तोडणारा स्विच मात्र वायरमन जो आणेल तोच बसतो आणि त्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. ओले अंग, वाहते पाणी आणि मोठा विद्युतप्रवाह एकमेकांच्या इतक्या जवळ येणारी दुसरी जागा घरात नाही. म्हणून या स्विचकडून एकच गोष्ट ठामपणे मागितली पाहिजे: तो बंद केल्यावर गीझरकडे जाणारी फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी) या दोन्ही तारा तुटल्या पाहिजेत, आणि त्या तुटल्या आहेत याची खात्री करून घेता आली पाहिजे.

बोर्ड उघडून तारा जोडण्याचे काम परवानाधारक वायरमनचे आहे आणि ते त्याच्याकडूनच करून घ्यावे. परंतु काय मागायचे, दुकानात स्विच कसा ओळखायचा, तो कोठे बसवायला सांगायचा आणि झालेल्या कामात काय पाहायचे, हे घरमालकाला कळलेच पाहिजे. पुढील मजकूर त्याच दृष्टीने लिहिला आहे.

एकच तार तोडून का भागत नाही

खोलीतील दिव्याचा साधा स्विच फक्त फेजची तार तोडतो आणि दिव्यापुरते ते पुरते. डबल पोल, म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे डीपी म्हणतात, त्या स्विचमध्ये एकाच बटणाखाली दोन स्वतंत्र संपर्क असतात. बटण दाबताच दोन्ही तारा एकाच वेळी जोडल्या किंवा तोडल्या जातात. गीझरला हाच स्विच का हवा, याची कारणे प्रत्यक्ष घरांतील वायरिंगमध्ये सापडतात.

पहिले कारण उलटलेल्या तारांचे आहे. जुन्या वाड्यांत आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या घरांत लाकडी पट्टीतून नेलेल्या तारा अनेकदा एकाच रंगाच्या असतात, आणि मधल्या काळात कोणीतरी एखादा जोड बदलताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल करून ठेवलेली असते. अशा ठिकाणी एकेरी स्विच बंद केला, की तो प्रत्यक्षात न्यूट्रल तोडतो. गीझर बंद पडतो, लाल दिवा विझतो, सर्व काही व्यवस्थित दिसते. परंतु गीझरची संपूर्ण कॉइल २३० व्होल्टवर तशीच उभी असते. झाकण उघडून थर्मोस्टॅटला (पाणी पुरेसे तापताच कॉइल बंद करणाऱ्या भागाला) हात लावणाऱ्या माणसाला हे कळण्याचा एकच मार्ग उरतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो.

दुसरे कारण खांबावरचा न्यूट्रल तुटण्याचे. वळवाच्या वाऱ्यात किंवा जोड गंजल्यामुळे घराकडे येणारी न्यूट्रल तार सुटली, तर सिंगल फेज घरातील सर्व काही एकदम बंद पडते आणि वीज गेली असे समजून माणसे निर्धास्त होतात. वास्तविक फेज आलेलीच असते. स्विच चालूच राहिलेल्या एखाद्या दिव्यातून किंवा फ्रिजमधून तिचा दाब घरातील न्यूट्रलच्या तारेवर उतरतो आणि जिला आपण निर्धोक समजतो तीच तार धोकादायक बनते. एकेरी स्विचने बंद केलेल्या गीझरची कॉइल या न्यूट्रलला अजून जोडलेलीच असते. डीपी स्विच बंद असेल, तर हा मार्गही तुटलेला राहतो. तुटलेला न्यूट्रल अनेक घरांना मिळून असेल, तर एका घरात दिवे मंद आणि दुसऱ्या घरात अतिप्रखर जळू लागतात. असे दिसताच मेन स्विच बंद करावा आणि महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे.

तिसरे कारण त्रासाचे आहे आणि ते जाणत्या वायरमनलाही कधी कधी चकवते. गीझरची कॉइल जुनी झाली, की तिच्या आवरणाला चीर पडून आतील तारेचा अर्थिंगशी थोडा संबंध येतो. ही चीर न्यूट्रलच्या बाजूला असेल, तर गीझर एकेरी स्विचने बंद ठेवूनही घरातील आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागताच पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडत, म्हणजे बंद होत, राहतो, कारण इतर उपकरणांचा काही प्रवाह न्यूट्रलमधून त्या चिरेवाटे जमिनीत जातो. मग दोष गीझरचा असूनही तो बंदच आहे म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नाही; पंखे, फ्रिज, पाण्याची मोटर सगळे तपासले जाते, आणि शेवटी कंटाळून आरसीसीबीच काढून टाकला जातो. याहून वाईट शेवट नाही. डीपी स्विच असता तर तो बंद करताच आरसीसीबी टिकून राहिला असता आणि दोष कोठे आहे ते लगेच समजले असते.

माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांनी हे कारण विशेष लक्षात घ्यावे. अशा पाण्याचा पांढरा थर कॉइलवर साचतो, कॉइलची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, ती आतून जास्त तापते आणि तिचे आवरण लवकर फुटते. ज्या घरात कॉइल वारंवार बदलावी लागते, त्या घरात ती बदलण्यापूर्वी वीज तोडणारा स्विचही तितकाच विश्वासाचा हवा.

गीझरवरील थर्मोस्टॅटची कळ शून्यावर फिरवणे किंवा शॉवरचे पाणी बंद करणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. थर्मोस्टॅट सामान्यतः एकच तार तोडतो, आणि इलेक्ट्रिक शॉवरमधील पाण्याच्या दाबावर चालणारा स्विच कॉइल तापवण्याचे थांबवतो एवढेच.

किती अँपिअरचा स्विच घ्यावा

उपकरणाच्या पाटीवर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागले, की प्रवाह मिळतो. टाकीचा २ किलोवॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर आणि ४.५ किलोवॅटचा जवळजवळ १९.६ अँपिअर. येथे एक गोष्ट विसरू नये. कॉइलचा रोध ठरलेला असल्यामुळे दाब वाढला की प्रवाहही वाढतो. ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरात रात्री २५० व्होल्ट येत असतील, तर तोच ३ किलोवॅटचा गीझर १४ अँपिअरपेक्षा जास्त घेतो आणि साडेतीन किलोवॅटचे काम करतो. उलट वस्तीपासून लांबच्या मळ्यातील घरात १८० व्होल्ट असतील, तर त्याच गीझरची शक्ती १.८४ किलोवॅटवर येते. पाणी नीट तापत नाही या तक्रारीचे मूळ कधी कधी येथे असते, गीझरमध्ये नव्हे.

स्विचची क्षमता नेहमी या आकड्याच्या वर ठेवावी. २ आणि ३ किलोवॅटसाठी २० अँपिअरचा डीपी स्विच चालतो, ४.५ किलोवॅटसाठी ३२ अँपिअरचाच घ्यावा. ३ किलोवॅटसाठीही ३२ अँपिअरचा घ्यावा असे माझे मत आहे, कारण किमतीतील फरक किरकोळ असतो आणि मोठे संपर्क कमी तापतात. तार तांब्याचीच हवी: ३ किलोवॅटपर्यंत २.५ चौरस मिलिमीटर, आणि अंतर लांब असेल किंवा ४.५ किलोवॅटचे उपकरण असेल तर ४ चौरस मिलिमीटर. वितरण पेटीत, म्हणजे डीबीमध्ये, या एकाच उपकरणासाठी स्वतंत्र एमसीबी असावा. ३ किलोवॅटला १६ किंवा २० अँपिअरचा, ४.५ किलोवॅटला २५ अँपिअरचा. डीपी स्विच आणि एमसीबी यांची कामे वेगळी आहेत. स्विच माणसाच्या हाताने तोडतो. जास्त प्रवाह झाला तर तो आपोआप पडत नाही. एमसीबी आपोआप पडतो, परंतु तो बहुतेक घरांत मीटरजवळ किंवा दिवाणखान्यात असतो आणि एकेरी असेल तर एकच तार तोडतो. म्हणून दोन्ही हवेत.

वीजबिलावरील मंजूर भारही पाहावा. घराचा मंजूर भार २ किलोवॅट असताना ४.५ किलोवॅटचा इन्स्टंट शॉवर बसवणे म्हणजे मीटरपर्यंतच्या सर्व जोडांवर ताण देणे होय; आधी भार वाढवून घ्यावा.

इंग्लंडमधील इलेक्ट्रिक शॉवरची माहिती किंवा चित्रफिती पाहून काही वाचक छताला टांगलेला, दोरी ओढून चालणारा ४५ अँपिअरचा स्विच मागतात. तेथील शॉवर ८.५ ते १०.५ किलोवॅटचे असतात, म्हणजे ३७ ते ४६ अँपिअर घेतात, आणि त्यांच्यासाठी बहुधा १० चौरस मिलिमीटरची जाड तार वापरतात. थंड देशातले पाणी मिनिटाला पाच लिटर या वेगाने ३० अंशांनी तापवायला एवढी शक्ती लागतेच. आपल्याकडचा ३ किलोवॅटचा शॉवर मिनिटाला दोन लिटर पाणी साधारण २१ अंशांनी तापवतो, आणि सांगलीच्या हिवाळ्यात तेवढे बहुधा पुरते. महाबळेश्वर-पाचगणीला मात्र टाकीचा गीझर अधिक बरा. दोरीच्या स्विचमागचा विचार घेण्यासारखा आहे: ओला हात विजेच्या भागापर्यंत पोहोचू नये. आपण तेच काम स्विच न्हाणीघराबाहेर बसवून करतो.

दुकानात डीपी आणि एकेरी २० अँपिअरचा स्विच समोरून इतके सारखे दिसतात, की घाईत चुकीचा हातात येतो. स्विच उलटा करून मागे पाहावे. डीपी स्विचला मागे चार स्क्रू असतात, दोन येणाऱ्या तारांसाठी आणि दोन जाणाऱ्या तारांसाठी. एकेरीला दोन असतात आणि त्यात दिवा असेल तर तिसरा. आयएसआय चिन्ह पाहावे. घरगुती स्विचसाठी आयएस ३८५४, तारेसाठी आयएस ६९४ आणि आरसीसीबीसाठी आयएस १२६४० ही मानके आहेत. लाल दिवा असलेलाच स्विच घ्यावा, म्हणजे सकाळच्या धांदलीत चालू राहिलेला गीझर नजरेला पडतो.

स्विच कोठे असावा

न्हाणीघरातील विद्युत सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम ओल्या जागेचे पट्टे ठरवून देतात. बेसिन-टब नसलेल्या, उघड्या शॉवरच्या जागेत पाण्याच्या तोटीपासून १.२ मीटर अंतरापर्यंत आणि जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग असा पट्टा मानला जातो, आणि त्यात साधा स्विच किंवा सॉकेट नसावा अशी अपेक्षा असते. आपले नेहमीचे न्हाणीघर ४ फूट रुंद आणि ६ फूट लांब, म्हणजे १.२ मीटर बाय १.८ मीटरचे असते. अंतर मोजायला गेले, तर हाताला येईल अशी कोरडी भिंत आत जवळजवळ उरतच नाही. म्हणून आपल्या घरांपुरता नियम सोपा आहे: डीपी स्विच दाराबाहेर, कडीच्या बाजूला, जमिनीपासून सुमारे १.२ ते १.४ मीटर उंचीवर.

बाहेर म्हणजे कोठेही नव्हे. न्हाणीघर मागच्या अंगणात असेल आणि स्विच स्वयंपाकघरात असेल, तर गीझर उघडून बसलेल्या माणसाला तो दिसत नाही आणि कोणी चालू केला तर कळत नाही. काम करणाऱ्याला स्विच दिसला पाहिजे किंवा दोन पावलांत त्याच्यापर्यंत जाता आले पाहिजे. ज्या भिंतीमागे पाइप आहेत किंवा पावसाचे पाणी झिरपते ती भिंत टाळावी. पाचगणी, महाबळेश्वर, बामणोली या पट्ट्यात पावसाळ्यात आतील भिंतीही ओल धरतात; तेथे पत्र्याची पेटी लवकर गंजते, म्हणून प्लॅस्टिकची बंद पेटी वापरावी आणि तारांची नळी पेटीत खालून आणावी, म्हणजे नळीतून उतरणारे पाणी स्विचवर पडत नाही.

गीझरजवळ १६ अँपिअरचे सॉकेट ठेवायचेच असेल, तर ते २.२५ मीटरच्या वर, झाकणाचे असावे आणि बाहेरील डीपी स्विचवर चालणारे असावे. ४.५ किलोवॅटच्या उपकरणाला पिन आणि सॉकेट चालत नाही, कारण १६ अँपिअरच्या सॉकेटची ती मर्यादा ओलांडते. त्याची तार थेट जोडावी लागते. ३ किलोवॅटचा शॉवर किंवा नळ ६ अँपिअरच्या साध्या पिनला लावण्याचा मोह कोणालाही पडू देऊ नये. पिन काळी पडते, सॉकेट वितळते आणि तारेचे आवरण भिंतीच्या आत जळते.

जोडणी करून घेताना काय पाहावे

काम सुरू होण्यापूर्वी वायरमनने डीबीतील मेन बंद करावा, आणि तो बंद असेपर्यंत घरातील दुसऱ्या कोणी त्याला हात लावू नये असे सर्वांना सांगून ठेवावे. डीबीपासून स्विचपर्यंत तीन तारा याव्यात: फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी. गीझरच्या स्वतःच्या केबलमध्ये मात्र तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. निळा रंग घरातील वायरिंगमध्ये फेजचा आणि उपकरणाच्या केबलमध्ये न्यूट्रलचा असू शकतो, हे वायरमनला माहीत असतेच. तरी घरमालकाने विचारून घेतले तर त्यात गैर काही नाही.

स्विचच्या मागे येणारी बाजू आणि जाणारी बाजू यांच्या खुणा असतात. त्या उलट जोडल्या, तर स्विच काम करतो, पण बऱ्याच स्विचमध्ये लाल दिवा जाणाऱ्या बाजूला जोडलेला असल्यामुळे तो बंद असतानाही जळत राहतो. असे दिसले तर दिवा बिघडला असे समजून सोडून देऊ नये. जोडणी उलटी आहे. अर्थिंगची हिरवी तार स्विचमधून जात नाही. ती अखंडपणे उपकरणाच्या अर्थिंगच्या स्क्रूपर्यंत गेली पाहिजे आणि पेटी धातूची असेल तर पेटीलाही जोडली पाहिजे.

बारीक तारांची मिळून बनलेली लवचिक तार स्क्रूखाली जात नसेल, तर तिच्यातील काही बारीक तारा छाटून उरलेल्या आत ढकलण्याची सवय काही कारागिरांना आहे. ती तेथेच थांबवावी. तार जितकी छाटली तितकी तिची क्षमता गेली. तारेच्या टोकाला पिन लग (धातूचे छोटे टोपण) दाबून बसवावा आणि मग स्क्रू आवळावा. टोकाला कथिल लावणेही बरे नाही, कारण कथिल दाबाखाली हळूहळू चेपते आणि स्क्रू सैल होतो. सैल स्क्रू हेच स्विच जळण्याचे सर्वांत मोठे कारण आहे: जोडाचा रोध वाढतो, तेथे उष्णता निर्माण होते, उष्णतेने स्क्रू आणखी सैल होतो आणि हे चक्र प्लॅस्टिक काळे पडेपर्यंत चालते. नवीन स्विच बसवल्यानंतर महिनाभराने मेन बंद करून वायरमनकडून स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्यावेत. या स्विचच्या जाणाऱ्या बाजूवर दुसरा दिवा, एक्झॉस्ट पंखा किंवा वॉशिंग मशीनचे सॉकेट जोडू देऊ नये; हा मार्ग गीझरसाठीच राखावा.

काम पूर्ण झाल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने तारांचा विलगीकरण रोध, म्हणजे तारांचे आवरण वीज किती अडवते ते, मोजून घ्यावा. तो किमान १ मेगाओहम असला पाहिजे. मेगर नसलेला वायरमन काम चांगले करू शकतो, परंतु ते चांगले झाले आहे हे तो सिद्ध करू शकत नाही, म्हणून मेगर असलेल्याची निवड करावी.

अर्थिंग आणि आरसीसीबी

डीपी स्विच बंद असताना माणसाचे रक्षण करतो. तो चालू असताना रक्षण करण्याचे काम अर्थिंग आणि आरसीसीबी यांचे आहे. टाकीचा गीझर पाणी तापवून, डीपी बंद करून मग स्नानाला जाता येते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापायला २ किलोवॅटच्या कॉइलला सुमारे २० मिनिटे लागतात, त्यानंतर वीज लागत नाही. ही जुन्या माणसांची सवय अगदी योग्य आहे आणि ती मुलांनाही लावावी. इन्स्टंट शॉवरला मात्र हे शक्य नाही, कारण अंगावर पाणी पडत असतानाच त्याची कॉइल चालू असते. त्यामुळे आरसीसीबी नसलेल्या घरात इन्स्टंट शॉवर बसवूच नये, असे मी ठामपणे सांगेन.

अर्थिंग आहे, मग आरसीसीबी कशाला, असे विचारले जाते. त्याचे उत्तर आपल्या जमिनीत आहे. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत अर्थिंगचा रोध चांगल्या खड्ड्यात ५ ओहमच्या आसपास मिळू शकतो, परंतु उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि तो वाढतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या जांभ्यात किंवा कातळावर तो ५० ओहम किंवा त्याहूनही जास्त भरू शकतो. घराचे अर्थिंग फक्त स्वतःच्या खड्ड्यावर अवलंबून असेल आणि फेजची तार गीझरच्या पत्र्याला लागली, तर ५ ओहमला जास्तीत जास्त ४६ अँपिअर वाहतील. नेहमीचा २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला मात्र १०० ते २०० अँपिअर लागतात, म्हणून तो लगेच पडत नाही. ५० ओहमला तर साडेचार अँपिअरच वाहतात. एमसीबीला ते नेहमीच्या वापरासारखे वाटतात, तो कधीच पडत नाही आणि गीझरचे अंग, पाइप, नळ सगळे तसेच करंटवर राहते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ५० ओहमच्या अर्थिंगवरही दीड व्होल्टच्या गळतीलाच पडतो. अर्थिंग कमकुवत असलेल्या भागात त्याला पर्याय नाही.

आरसीसीबीवरील टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. तो पडला तर उपकरण ठीक आहे एवढेच कळते. अर्थिंग ठीक आहे हे त्यावरून कळत नाही, ते वेगळे मोजून घ्यावे लागते. आरसीसीबी जास्त भारापासून वाचवत नाही, म्हणून त्याच्यासोबत एमसीबी हवाच. तसेच एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्या माणसालाही तो वाचवत नाही, आणि येथे आपण पुन्हा दोन्ही तारा तोडणाऱ्या स्विचकडे येतो.

दुरुस्तीपूर्वी वीज तोडण्याची पद्धत

गीझरचे झाकण उघडण्यापूर्वी डीपी स्विच बंद करावा, डीबीतील त्याचा एमसीबीही बंद करावा आणि दोन्हींवर 'काम चालू आहे, लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवावी. घरात लहान मुले किंवा वयस्कर माणसे असतील, तर एकाला स्विचजवळ उभे करावे. सॉकेट असेल तर पिनही काढून ठेवावी.

त्यानंतर वीज खरोखर गेली आहे का हे पाहावे. लाल दिवा विझला ही खात्री नव्हे. तो दिवा कधी तरी जळून जातोच. खिशातील टेस्टरवरही विसंबू नये, कारण रबरी चपला घालून कोरड्या फरशीवर उभे राहिल्यास तो चालू तारेवरही मंद जळू शकतो, आणि शेजारून जाणाऱ्या तारेमुळे मृत तारेवरही उजळू शकतो. मल्टिमीटर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून तो २३० च्या आसपास दाखवतो हे पाहावे, मग गीझरच्या टर्मिनलवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही मोजावेत, आणि शेवटी मीटर पुन्हा चालू सॉकेटवर लावून तो मध्येच बिघडलेला नाही याची खात्री करावी. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

डीपी स्विचची पट्टी हाताला गरम लागणे, कडेला पिवळट-तपकिरी डाग, बारीक चरचर, प्लॅस्टिक जळल्याचा वास, बटण अडकून बसणे, यांपैकी काहीही दिसले तर तो स्विच न वापरता मेन बंद करावा आणि स्विच बदलावा. बदलताना तारेचे जळलेले टोक कापून ताजे तांबे येईपर्यंत मागे जावे. काळ्या पडलेल्या तांब्यावर नवा स्विच बसवला, तर तोही काही महिन्यांत तसाच जळतो.

छतावरील सोलरची कॉइल

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सोलर वॉटर हीटर पुष्कळ आहेत आणि त्यांच्या टाकीत ढगाळ दिवसांसाठी २ किंवा ३ किलोवॅटची विजेची कॉइल असते. तिचा स्विच बहुधा खालच्या मजल्यावर असतो, दुरुस्ती करणारा माणूस गच्चीवर असतो, आणि खाली कोणी तरी पाणी गार आहे म्हणून स्विच लावतो. हा धोका पूर्णपणे टाळता येतो. टाकीजवळ, हाताच्या अंतरावर, पावसापाण्यापासून बंद असलेल्या आयपी ६५ दर्जाच्या पेटीत दुसरा डीपी आयसोलेटर (दोन्ही तारा तोडणारा स्विच) बसवावा आणि तो शक्यतो कुलूप लावता येईल असा घ्यावा. दुरुस्ती करणाऱ्याने तो बंद करून कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. पेटीला तार खालून आणावी आणि उन्हात जाणारी तार नळीत घालावी, कारण उघड्या पीव्हीसीला उन्हाने भेगा पडतात.

पुराचे पाणी शिरलेल्या घरात

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी नदी ती ओलांडून गेली आणि नदीकाठच्या अनेक घरांतील स्विचबोर्ड पाण्याखाली राहिले. पाणी ओसरल्यावर पुसून, उन्हात ठेवून जुना स्विच पुन्हा चालू करण्याची घाई होते. पाण्याखाली गेलेला डीपी स्विच, एमसीबी आणि आरसीसीबी वापरायचे नसतात. त्यांच्या आत गेलेला बारीक गाळ वाळल्यावर दिसत नाही, परंतु दोन संपर्कांमध्ये वीज गळण्याची वाट तयार करतो. आरसीसीबीच्या आतील यंत्रणा गंजून ऐन वेळी अडकू शकते. पाणी चढण्याची चिन्हे दिसताच मेन बंद करावा आणि घर रिकामे करताना तो बंद असल्याची खात्री करावी. परत आल्यावर वायरमनने नळ्यांतील पाणी काढून, तारा मेगरने तपासून, नवे स्विच बसवून, गीझरचा थर्मोस्टॅट आणि कॉइल पाहून, मगच एकेक मार्ग चालू करावा, आणि गीझरचा मार्ग सर्वांत शेवटी घ्यावा.

पूररेषेजवळ घर बांधणाऱ्यांनी डीबी वरच्या मजल्यावर ठेवावी आणि तळमजल्याचे मार्ग त्यात वेगळे करून घ्यावेत. खालचा भाग पाण्यात असतानाही वरचा भाग वापरात ठेवता येतो, आणि खालच्या न्हाणीघराचा डीपी स्विच पाण्यातून जाऊन शोधावा लागत नाही.